डावीकडचा मजकूर

हसू आधी मागच्या रांगेतून आलं. कुणीतरी एकजण फसकन हसला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग बघता बघता सगळं सभागृह. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतर दिवसभर मी स्वतःला पटवत होते की मी हसले नाही, लोकांचं हसणं थांबायची वाट बघत नुसती उभी होते. खोटं आहे ते. माईक ओठांशी होता, त्यामुळे माझं हसू भिंतींवरच्या सगळ्या स्पीकरांतून बाहेर पडलं आणि माझंच मला ऐकू आलं. पडद्यावर दोन चौकटी होत्या. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', म्हणजे तेच उत्तर एआयकडून कार्यालयीन करून घेतलेलं. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना एआय वापरायला शिकवायचं, त्यांची भीती घालवायची, अडलं तर मदत करायची, हे माझं काम. आणि ही स्लाइड म्हणजे माझा हुकमी एक्का. माणसं जांभया द्यायला लागली की ती काढायची. समजा, एखाद्या कार्यालयातून विद्यार्थिनीला असं उत्तर गेलं, म्हणून मी डावीकडचा मजकूर वाचून दाखवला होता. वाचून कसला, नक्कल करून. जरा हेल काढून, जरा मान वाकडी करून. 'बाळ, तुझा अर्ज मिळाला. मुदत संपून गेलीय, त्यामुळे या वेळी परीक्षेला बसता येणार नाही, हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. तुझ्यावर कुणाचा राग नाही, नियम आहे म्हणून आहे. पुढच्या वेळी अर्ज केलास की मला सांग, मी स्वतः लक्ष ठेवीन. आई कशी आहे आता? हॉस्पिटलात बसून बसून पाठ धरते, मधूनमधून उठून फिरत जा. आणि जेवत जा. वेळेवर.' माझ्या हातातल्या पॉइंटरचा हिरवा ठिपका त्या शेवटच्या शब्दावर नाचत होता आणि लोक हसत होते. सभागृहात एसीमुळे बोटं गार पडली होती. कान मात्र तापले होते, तेव्हाच, काहीही घडायच्या आधीच.

मग हशा ओसरता ओसरता मधल्या रांगांत एक हात वर झाला. दुसऱ्या तळव्यानं कोपर धरून वर केलेला हात, शाळेतल्या मुली करतात तसा. तसा हात वर करणारं या वयाचं एकच माणूस मला माहीत आहे. ती माझी ताई. परीक्षा विभागात विद्यार्थ्यांच्या अर्जांना उत्तरं लिहिते. डावीकडचा मजकूर तिचा होता. आणि ती इथे असायलाच नको होती. आजचं सत्र प्राध्यापकांचं. कर्मचाऱ्यांचं पुढच्या आठवड्यात, आणि त्यासाठी मी ही स्लाइड काढून दुसरी घातली होती. म्हणजे मला कळत होतं. हाताला लागलं ते घेतलं, सहज घेतलं, असं मी नंतर स्वतःला कितीही ऐकवलं तरी ती दुसरी स्लाइड माझ्या कॉम्प्युटरवर तयार होतीच ना! सकाळी त्यांच्या विभागातली वीज गेली आणि तिथल्या साहेबांनी 'नुसतं बसून काय करताय, जा, शिकून या काहीतरी' म्हणून सगळ्यांना इकडे पिटाळलं, एवढंच काय ते जास्तीचं घडलं. आणि अंधारात मला ती दिसली नव्हती.

"मॅडम, एक विचारायचं होतं," ताई म्हणाली. ऑफिसात मला ती मॅडम म्हणते. मीच तसं सांगितलं होतं, चारचौघांत अगंतुगं नको म्हणून. तिनं त्याचा खेळ करून टाकला. मॅडम म्हणताना तिच्या डोळ्यांत नेहमी एक मिश्कील काहीतरी असतं, आपलं दोघींचंच. तेव्हाही होतं. "ते डावीकडचं कोणी लिहिलंय?"

मला खरं म्हणजे एकच क्षण मिळाला. त्या क्षणात काय काय येऊन गेलं हे आता नीट सांगता येणार नाही. डीनसाहेब पहिल्या रांगेत होते. विद्यार्थिनीला गेलेलं उत्तर विचारल्याशिवाय पडद्यावर लावलं, असं कुणी म्हणालं तर? हे आलं. स्वतःच्या बहिणीचं? हेही आलं. पण या सगळ्याच्या आधी, अगदी आधी जे आलं ते असं की आता लोकांना कळणार, ही हिची बहीण. जेवत जा लिहिणारी. ते आलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "ते एआयनंच तयार केलंय. कसं लिहू नये, त्याचा नमुना म्हणून मी करून घेतला."

"हो का?" ताई म्हणाली. हात अजून वरच होता. तो तिनं हळूहळू खाली घेतला. "मला वाटलं माणसानं लिहिलंय."

पुन्हा हशा. संख्याशास्त्राचे एक सर आहेत, त्यांना विनोद केल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, "बघा! मशीनसुद्धा आता मायाळू व्हायला लागलं. आम्हाला घरी कोणी विचारत नाही हो, जेवलात का म्हणून!" सगळे हसले. मी म्हणाले, पुढची स्लाइड. प्रोजेक्टरशी आमच्या कक्षातला मुलगा होता, मी त्याला दाढी म्हणते. त्यानं स्लाइड पुढे ढकलण्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला मी तालमीच्या वेळी सांगितलं होतं, डावीकडचं खरं आहे रे, शब्दनशब्द खरा, म्हणून तर रंगतं. त्यानंतर मी बराच वेळ बोलले. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला सूचना, कसा द्यावा, खाजगी माहिती आत घालू नये, कुणाचा मजकूर वापरायचा तर त्याची परवानगी घ्यावी. हो, हेही बोलले. ती स्लाइड होतीच त्यात. ती बोलताना मी ताई बसली होती ती बाजू सोडून बाकी सगळीकडे बघत होते, आणि जिथे बघायचं नाही तिथेच तर सगळं असतं. तिची करडी शाल मला न बघताही दिसत होती.

सत्र संपल्यावर माणसं भोवती जमली. छान झालं, सोपं करून सांगता तुम्ही. अशा वेळी मी एरवी फुलून जाते, उगाच खोटं कशाला बोलू. डीनसाहेब चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, "ती आधी-नंतरची स्लाइड मला पाठवा. सगळ्या विभागांना देतो. परीक्षा विभागाला तर आजच सांगतो, सोमवारपासून बाहेर जाणारं प्रत्येक उत्तर उजवीकडच्यासारखं पाहिजे. काय चाललंय काय, बाळ काय, जेवत जा काय!" मग जरा जवळ येऊन, खरोखरच्या कुतूहलानं, "पण मला सांगा, मशीनकडून इतकं वाईट लिहून घेतलंत कसं? आमचं तर फारच गुळगुळीत लिहितं."

"जरा घरगुती लिही म्हटलं," मी म्हणाले.

"भारी!" डीनसाहेब म्हणाले. दाढी मागे वायरी गुंडाळत होता. ते गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मॅडम, पण ते तर खरं होतं ना?" मी त्याच्यावर खेकसले. त्या वायरी आधी नीट गुंडाळ, दर वेळी गाठी मारून ठेवतोस, नंतर सोडवत कोण बसणार. वायरी व्यवस्थित गुंडाळलेल्या होत्या.

माझ्या खोलीत येऊन मी दार लावलं आणि कॉम्प्युटर उघडला. मला वाटलं, खोटं खरं करता येईल. एआयला सांगायचं, असं उत्तर लिही. त्यानं तसं लिहिलं की झालं, मग मी बोलले ते काही अगदीच खोटं राहणार नाही. कसला हा हिशेब! पण त्या वेळी तो मला पटला होता, मी खुर्चीत पुढे सरकून टाइप करायलाही लागले होते. घरगुती लिही. त्यानं लिहिलं, प्रिय विद्यार्थिनी, आम्हाला आपल्या भावना समजतात. आणखी घरगुती. त्यानं लिहिलं, काळजी घे, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. मी म्हटलं, नियमाचा विषय आणि मायेचा विषय मध्ये न थांबता एकत्र येऊ देत. त्यानं ते केलं, आणि ते इतकं बेतलेलं होतं की मला चीड आली. पाठ धरते हे काही त्याला सुचेना. कसं सुचेल? ती पाठ ताईची आहे. आईच्या शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलातल्या लोखंडी खुर्चीत बसून बसून तिचीच पाठ धरायची, आणि ती कॉरिडॉरमधून अशी फेऱ्या मारायची की नर्स ओरडायच्या, अहो, बसा की एका जागी! शेवटी मी तिचा मजकूरच आत चिकटवला आणि म्हटलं, असंच आणखी लिही. मग मात्र जमलं. भराभरा जमलं. एकामागून एक उत्तरं पडद्यावर उतरायला लागली, वेगवेगळ्या अर्जांना, वेगवेगळ्या मुलांना, आणि प्रत्येकाच्या शेवटी, आणि जेवत जा, वेळेवर. आणि जेवत जा, वेळेवर. मी वाचत गेले. लहानपणी एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत बसलं की तो शब्द राहायचाच नाही, नुसता आवाज उरायचा, तसं झालं. जेवत म्हणजे काय, हे मला क्षणभर कळेना. मी घाबरून पडद्यावरची ती खिडकी बंद केली. मग दुसरी उघडली आणि डीनसाहेबांना स्लाइड पाठवून दिली. पाठवली, हो. मागितली होती त्यांनी. साधं 'थोडे बदल करून देते' एवढं म्हणणंही मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि नको वाटलं, कारण त्यावर ते विचारणार, कसले बदल?

तो मजकूर माझ्याकडे आला होता तो आमच्या जेवणाच्या टेबलावर. आम्ही दोघी एकत्र राहतो. ताईनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही; मी बॅग घेऊन परत आले तेव्हा तिनं काही विचारलं नाही, कपाटाचा अर्धा भाग रिकामा करून दिला आणि म्हणाली, वरचा खण माझाच राहू दे हं, मला खाली वाकवत नाही. त्या दिवशी ती लॅपटॉप टेबलावर ठेवून चष्मा कपाळावर सरकवून बसली होती. "बघ गं जरा. जास्त झालंय का? मुलगी फार रडवेली होऊन लिहितेय, आणि मला तर नाहीच म्हणायचंय. नाही म्हणताना माणसानं निदान बसायला तरी द्यावं ना." मी उभ्या उभ्या वाचलं. मला हसू आलं, खरंखुरं. मी म्हणाले, "मस्त आहे." ती म्हणाली, "नक्की? ते जेवायचं काढू का?" मी म्हणाले, "काढू नकोस. मस्त आहे." आणि मग म्हणाले, "मला पाठवून ठेव." तिला केवढा आनंद झाला! तिला वाटलं, मला जपून ठेवायचंय. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं असेल का? मला आज दिवसभर हेच आठवायचं होतं, की 'पाठवून ठेव' म्हणताना माझ्या मनात स्लाइड होती की नव्हती. आठवत नाही. म्हणजे होती.

ताईच्या लिहिण्याला लोक हसण्याची मला सवय आहे खरं तर. आई कारखान्यात पाळीनं कामाला जायची, त्यामुळे शाळेत माझ्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या ताईच लिहायची. इतर मुलींच्या चिठ्ठीत असायचं, प्रकृती बरी नसल्यामुळे. ताई लिहायची, हिचं पोट दुखत होतं, पण तितकंही नाही, जरा भीतीही होती कारण गणिताचा पेपर आहे असं ती म्हणाली, तरी कृपया रागावू नये, ती रात्री नीट झोपलेली नाही. आमच्या बाई ती चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचायच्या. वाईट नव्हत्या त्या, त्यांना गंमत वाटायची. वर्ग खदखदून हसायचा आणि मी बाकाच्या लाकडातली एक गाठ नखानं टोकरत बसायची, ती गाठ मला आत्ताही बोटाला लागते. मला ताईची लाज वाटायची. घरी येऊन मी म्हणायची, तू नुसतं 'प्रकृती बरी नसल्यामुळे' का नाही लिहीत गं? ती म्हणायची, "पण मग त्यांना काय कळणार, तुला काय झालं होतं ते?" ती लाज सोपी होती. दुसऱ्याची लाज वाटणं किती सुखाचं असतं, हे आज पहिल्यांदा कळलं मला. आज मीच झाले होते ती बाई. वर्गापुढे उभी राहून, हेल काढून, माझ्या ताईची चिठ्ठी वाचत होते.

संध्याकाळी बसमध्ये ताईनं नेहमीसारखी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून माझी जागा धरली होती. मला वाटलं होतं, ती पुढच्या बसनं गेली असेल. गेली असती तर बरं, असंही वाटलं होतं. "ये ये," ती म्हणाली, "आज गर्दी आहे, एकजण तर भांडायलाच उठला होता पिशवीवरून." मी बसले. ती नळाविषयी बोलायला लागली. बाथरूमचा नळ ठिबकतोय, आतली वॉशर गेली असणार, प्लंबरला फोन केला तर उद्या येतो म्हणाला, आणि त्याचा उद्या म्हणजे तुला ठाऊकच आहे. मी हं हं करत होते. दर थांब्याला ठरवत होते, आता म्हणायचं. ताई, ते तुझं होतं. बस थांबायची, माणसं उतरायची, चढायची, दार फुसकन बंद व्हायचं आणि ताई म्हणायची, दुधाची पिशवी घ्यायचीय, लक्षात ठेव. खिडकीच्या काचेत आमची दोघींची तोंडं दिसत होती. लोक म्हणतात आम्ही दोघी सारख्या दिसतो. मला ते कधी आवडलेलं नाही. आज मी काचेत सारखेपणा शोधत होते आणि तो काही मला सापडत नव्हता. तिला राग आलाय की नाही, तेवढं तरी कळावं म्हणून मी तिच्या आवाजाकडे कान लावून होते. राग असता तर फार बरं झालं असतं. राग आला की ती भांडी आपटते, दोन शब्द बोलते, मग मी चार बोलते आणि मग चहा होतो. पण आवाज नेहमीचाच होता.

घरी आल्यावर ती भाजी चिरायला बसली आणि मी उगाच पाणी पिऊन ग्लास विसळला, पुसला, पुन्हा विसळला. बाथरूममध्ये नळ ठिबकत होता. पाठमोरी राहूनच मी म्हणाले, "ताई, आज ते..."

"अगं हो, तेच म्हणणार होते," ती म्हणाली. सुरी थांबली नाही. "मी काय वेडी बघ. मला वाटलं तू म्हणशील, आमच्या ताईनं लिहिलंय. म्हणून हात वर केला मी."

मी वळले नाही.

"मला आधी कळलंच नाही ना. डावीकडचं बघितलं आणि मला वाटलं, हे बघा, असं लिहावं, असं शिकवतेय. शेजारच्या बाईंना मी कोपरानं ढोसलंसुद्धा. लोक हसले तेव्हा मला वाटलं, आवडलं त्यांना." ती स्वतःशीच हसली. "आणि तू तर माझ्यासारखंच वाचलंस अगदी. आवाजसुद्धा! म्हटलं, हिला बरं येतं. उजवीकडचं मी नंतर वाचलं, हात खाली घेतल्यावर. मग लक्षात आलं."

"ताई, मी खोटं बोलले."

"मग काय करणार होतीस? एवढ्या मोठमोठ्या माणसांसमोर तुझी पंचाईत झाली असती. बहिणीचंच घेतलं, विचारलंही नाही, असं म्हणाले असते. मलाच कळायला हवं होतं. हात वर करायचं काय नडलं होतं मला! तुला अवघड करून ठेवलं उगीच." आणि सुरी थांबवून, अगदी मनापासून, "रागावलीस का?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हे. तिनं मला विचारलं, रागावलीस का. मी नाही म्हणाले. याहून वेगळं काही म्हणायला मला अख्खी भाषा मोकळी होती. मी पाया पडू शकत होते, रडू शकत होते, सोमवारी सकाळी डीनसाहेबांच्या टेबलाशी उभं राहून डावीकडचं माझ्या बहिणीचं आहे आणि तेच बरोबर आहे, असं म्हणेन, हे निदान तोंडानं तरी म्हणू शकत होते. मी म्हणाले, नाही गं, रागावू कशाला.

"मग झालं तर," ताई म्हणाली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि लॅपटॉप घेऊन आली. चिरलेली भाजी बाजूला सरकवली. "आता मला ते उजवीकडचं शिकव. सोमवारपासून सगळ्यांना तसंच लिहायचंय, साहेबांनी दुपारीच सांगितलं. मला जमेल ना गं? बाकीच्या पोरी चटकन शिकतील, मीच मागे राहायची."

आमच्या कामाचा एक नियम आहे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, समोर नाही. आणि त्याच्या माऊसला हात लावायचा नाही, काही झालं तरी. त्याचं त्यालाच करू द्यायचं. हा नियम मीच सगळ्यांना शिकवते. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या हातांना कोथिंबिरीचा वास येत होता. तिनं मेल उघडला. तीच मुलगी होती, तिचं उत्तर आलं होतं. ताईनं चष्मा खाली ओढून वाचून दाखवलं. 'मॅडम, आई आता उठून बसते. तुम्ही लिहिलंत तशी मी कॉरिडॉरमध्ये फिरते, आता तिकडच्या नर्सबाई पण ओळखतात मला. वेळेवर जेवते. परीक्षेचं वाईट वाटलं होतं पण तुमचा मेल आईला वाचून दाखवला तेव्हा ती पहिल्यांदा हसली.' ताई क्षणभर थांबली. तिचं बोट त्या ओळीवर होतं. मला वाटलं, आता तिच्या लक्षात येईल. आता ती माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, बघ, असं आनंदानंही हसतात माणसं. पण तिचं बोट तिथून उठलं.

"हिला उत्तर द्यायचंय. हिच्यापासूनच सुरुवात करू," ती म्हणाली. "आता नीट लिहायला हवं. सांग, कुठे दाबू?"

मी सांगितलं. इथे चिकटव. इथे लिही, औपचारिक, थोडक्यात, कार्यालयीन. ती एका बोटानं अक्षर शोधत शोधत टाइप करत होती, ओठ हलवत. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. उत्तर झरझर उतरलं आणि ताई मागे टेकून वाचायला लागली, मोठ्यानं, नवीन कापडावरून हात फिरवावा तशी सावकाश. "प्रिय विद्यार्थिनी, आपला संदेश प्राप्त झाला. आपल्या मातोश्रींच्या प्रकृतीत सुधारणा होत असल्याचे जाणून समाधान वाटले. पुढील परीक्षेच्या अर्जासंबंधी माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. आपणास शुभेच्छा. मातोश्री! किती चांगला शब्द घातलाय, नाही? मला सात जन्मांत सुचला नसता." आणि मग चष्मा कपाळावर सरकवून तिनं माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं अगदी तसं. "बरोबर आहे ना? पाठवू?"

माझ्या तोंडात 'मस्त आहे' येऊन बसलं होतं. ते मी गिळलं. तेवढं एक केलं मी आजच्या दिवसात.

"ताई, शेवटी ते लिही ना."

"कुठलं?"

"तुझं. जेवत जा."

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळेना, मी थट्टा करतेय की काय. मग ती हसली आणि मान हलवून पुन्हा पडद्याकडे वळली.

"छे गं," ती म्हणाली. "लोक हसतात." आणि तिनं पाठवून दिलं.